मोरचूद, शेंदूर, रसकापूर: जुन्या रसनामांचा आजचा हिशेब

नागपूरजवळच्या रामटेकच्या डोंगररांगेत एका टेकडीला आजही नागार्जुनाची टेकडी म्हणतात. दगडाचे सोने करणारा सिद्ध नागार्जुन इथे राहत होता, अशी आसपासच्या गावांची श्रद्धा आहे. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएन त्संगाने ही सोन्याची कथा कोसल देशाच्या वर्णनात लिहिली आहे. अकराव्या शतकातला अल्बेरुनी मात्र रसविद्येतला नागार्जुन सोमनाथाजवळचा आणि आपल्या शंभरेक वर्षे आधीचा असल्याचे सांगतो. शून्यवाद मांडणारा तत्त्वज्ञ नागार्जुन आणि पाऱ्यावर प्रयोग करणारा नागार्जुन हे दोघे वेगळे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. रामटेकचा नागार्जुन यांतला कोणता, याचा निकाल टेकडी देणार नाही. पण रसविद्येचे नाव या मातीला चिकटलेले आहे, एवढे खरे.

याच परिसरात, 1946 साली, रसायनांच्या नावांची दुसरी मोठी खटपट सुरू झाली. डॉ. रघुवीर आपली संस्था लाहोरहून नागपूरला घेऊन आले आणि त्यांनी विज्ञानातल्या प्रत्येक संज्ञेला संस्कृत धातूंवरून नवे नाव घडवायला घेतले. ऑक्सिजनला जारक, हायड्रोजनला उदजन, नायट्रोजनला भूयाति, कार्बनला प्रांगार. एका बाजूला हजार वर्षांची पारद, तुत्थ, कासीस ही नावे, दुसऱ्या बाजूला एका विद्वानाच्या लेखणीतून उतरलेली नावे, आणि मध्ये नागपूरच्या इतवारी बाजारात रोज तोंडी चालणारी मोरचूद, तुरटी, नवसागर. ही सगळी नावे आजच्या रसायनशास्त्राच्या नावांशी जुळतात का, कुठे जुळतात आणि कुठे फसवतात, हा या आढाव्याचा प्रश्न आहे.

रसशास्त्राच्या बहुतेक मराठी-हिंदी पुस्तकांच्या शेवटी एक तक्ता असतो. डावीकडे जुने नाव, उजवीकडे आजचे. तुरटी म्हणजे पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट, हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, टाकणखार म्हणजे बोरॅक्स, सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. विद्यार्थी तो पाठ करतात, वैद्य संदर्भाला वापरतात. माझे मत असे की हा तक्ता सोप्या जागी बरोबर आहे आणि नेमक्या धोक्याच्या जागी अपुरा आहे.

आधी सोप्या जागा पाहू. मोरचूद घ्या. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या पट्ट्यातल्या संत्रा बागायतदाराला हा शब्द शिकवावा लागत नाही. झाडाच्या बुंध्यावर डिंक्या दिसला की बोर्डो मिश्रण करायचे. प्लास्टिकच्या एका पिंपात पन्नास लिटर पाण्यात एक किलो मोरचूद, दुसऱ्यात पन्नास लिटर पाण्यात एक किलो कळीचा चुना विरवून गाळलेला, आणि दोन्ही एकदम तिसऱ्या पिंपात ओतत लाकडी काठीने ढवळायचे. लोखंडी भांडे चालत नाही. मिश्रण झाले की त्यात विळ्याचे घासलेले पाते थोडा वेळ बुडवून धरायचे. पात्यावर तांबूस थर चढला, तर अजून मोकळे तांबे शिल्लक आहे, फवारले तर पाने करपतील, म्हणून आणखी चुन्याची निवळी घालायची. पाते कोरे निघाले की फवारणीला हरकत नाही. लोखंड विरघळते आणि त्याच्या जागी तांबे बसते, एवढी ही क्रिया. तिच्यासाठी बागायतदाराला सूत्र लिहावे लागत नाही. दुकानदार त्याला नीला थोथा म्हणेल, वैद्य तुत्थ किंवा सस्यक, पुस्तक कॉपर सल्फेट, पण चौघांच्या हातात तोच निळा खडा असतो. असे एकास एक जुळणारे पदार्थ थोडे नाहीत, आणि म्हणूनच तक्त्यावर विश्वास बसतो.

तरीही या सोप्या पदार्थांतही एक बारीक गोष्ट निसटते. मोरचूद, हिराकस, तुरटी, टाकणखार हे सगळे खडे आपल्यात पाणी धरून असतात. मोरचुदात वजनाने सुमारे पाव हिस्सा तांबे, हिराकसात सुमारे पाचवा हिस्सा लोह, बाकी सल्फेट आणि पाणी. तव्यावर टाकणखार टाकला की तो वितळतो, फुगतो, चटचट करत पांढरा हलका फेस होतो. त्याला टाकणखाराची लाही म्हणतात. या फुगण्यात त्याचे निम्म्याच्या आसपास वजन पाण्याच्या वाफेने उडून जाते, सुमारे 47 टक्के. तुरटीचेही तसेच, साधारण 45 टक्के. म्हणजे एक ग्रॅम लाही ही जवळजवळ दोन ग्रॅम कच्च्या टाकणखाराएवढी. जुन्या ग्रंथांत शुद्ध टंकण असे लिहिलेले असते तेव्हा ही लाहीच अभिप्रेत असते. तक्त्यात दोहोंपुढे बोरॅक्स एवढेच लिहिले, तर मात्रेचा हिशेब दुपटीने चुकतो. आमच्या आज्यांना आणि सोनारांना कच्चा आणि फुलवलेला यांतला फरक ठाऊक होता. आधुनिक नाव वापरणाऱ्यानेही पाण्यासकट पूर्ण नाव लिहिले तर तो कळतो. अर्धवट आधुनिक नाव मात्र दोन्हींपेक्षा वाईट.

नवसागराचा धूर कल्हईवाल्याच्या भट्टीवर ज्यांनी पाहिला, त्यांना तो आठवत असेल. भांडे तापवायचे, नवसागराची चिमूट टाकून कापसाच्या बोळ्याने घासायची, पांढरा धूर उठतो, तांब्यावरचा काळपट थर नाहीसा होतो, आणि लगेच कथलाची कांडी फिरवली की चकचकीत पांढरा थर पसरतो. नवसागर तापल्यावर फुटून अमोनिया आणि आम्लाची वाफ देतो, ती वाफ तांब्याच्या ऑक्साइडला खाऊन टाकते, उघड्या तांब्यावर कथील धरते. नवसागर हे नाव फारसीतून आले, मुरदाडशिंग या शिशाच्या ऑक्साइडाचेही तसेच. बाजारातल्या नावांवर फारसी व्यापाराची छाप आहे, ग्रंथांतल्या नावांवर संस्कृताची. एकाच पदार्थाला म्हणून दोन-तीन नावे असणे हे आपल्याकडे नेहमीचे.

आता खरा पेच. पारा आणि गंधक खलात घोटत राहिले की काही तासांनी पारा दिसेनासा होतो आणि काजळासारखी काळी भुकटी तयार होते, ती कज्जली. ही कज्जली सात वेळा कापडमाती चढवलेल्या काचेच्या कुपीत भरून वाळूयंत्रात तापवली की कुपीच्या गळ्याशी लालभडक थर जमतो, तो रससिंदूर. सुरुवातीला सोन्याचा वर्ख घालून हीच क्रिया केली की गळ्याशी मिळतो तो मकरध्वज, आणि सोने बहुतांशी कुपीच्या तळाशीच राहते. खाणीतून निघणारा हिंगूळ तर निसर्गातच तयार झालेला. चार नावे, चार किमती, ग्रंथांत चार गुणधर्म. रसायनशास्त्राच्या तराजूत चौघे एकच: मर्क्युरिक सल्फाइड. काळा आणि लाल यांत फरक आहे तो अणू रचण्याच्या पद्धतीचा, घटकांचा नाही.

वैद्य म्हणतील, एकच म्हणणे हा अन्याय आहे. त्यांच्या म्हणण्यात काही तथ्य आहे. कणांचा आकार, उरलेला मोकळा गंधक, न मिसळलेला पारा, आत अडकलेली अशुद्धी, हे सगळे प्रत्येक तयारीत वेगळे असते आणि शरीरात पदार्थ किती विरघळतो हे त्यावरच ठरते. पण याचा अर्थ सूत्र निरर्थक ठरते असा होत नाही. मकरध्वज नावामुळे सोन्याची किंमत मोजणाऱ्या माणसाला कुपीच्या गळ्याशी काय जमते हे कळायलाच हवे.

याच्या उलट प्रकार रसकापुराचा. इथे नाव एक आणि पदार्थ दोन. पाऱ्याचे क्लोराइड दोन तऱ्हेचे असते. मर्क्युरस क्लोराइड, ज्याला युरोपात कॅलोमेल म्हणत, पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. मर्क्युरिक क्लोराइड मात्र शंभर मिलिलिटर पाण्यात सात ग्रॅमच्या आसपास विरघळते आणि जहाल विष आहे. दोन्ही पांढरे, दोन्ही तापवल्यावर उडून थंड भागावर जमणारे. जुन्या पद्धतीने पारा, मीठ, तुरटी, हिराकस अशा मालातून रसकापूर करताना आच आणि प्रमाण थोडे इकडेतिकडे झाले की दोहोंचे मिश्रण कमी-जास्त होते. प्रफुल्लचंद्र राय यांनी 1902 साली हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा जुन्या नावांकडे प्रयोगशाळेच्या नजरेने पाहण्याचा पाया घातला. पाऱ्याच्या नायट्राइटवर स्वतः काम केलेला हा रसायनज्ञ होता, म्हणून त्याला ग्रंथातले वाक्य आणि भट्टीतला पदार्थ यांत फरक करणे जमले. रसकापुरापुढे तक्त्यात कॅलोमेल लिहून मोकळे होणाऱ्याने त्यांच्याकडून हे शिकायला हवे.

शेंदराची गोष्ट त्याहून घरातली. देवळातला नारिंगी शेंदूर, नागपूरच्या टेकडी गणपतीच्या अंगावर चढलेला, मारुतीला तेलात कालवून लावलेला, हा परंपरेने शिशाचा: लेड टेट्रॉक्साइड. संस्कृत ग्रंथांत सिंदूर म्हणजे हाच, पण रससिंदूर म्हणजे पाऱ्याचा सल्फाइड आणि गिरिसिंदूर म्हणजे काय यावर टीकाकारांचे एकमत नाही. शिसे आणि पारा यांना एकाच शब्दाने जोडणारी ही नावे रंगावरून पडली. रंग डोळ्याला दिसतो, घटक दिसत नाहीत. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मात्र दोन परीक्षानळ्या पुरतात. एकीत शिशाचा शेंदूर, दुसरीत हिंगुळाची पूड, दोहोंत विरळ नायट्रिक आम्ल. पहिल्या नळीतला नारिंगी रंग बघता बघता चॉकलेटी तपकिरी होतो, कारण काही शिसे विरघळून लेड डायऑक्साइड मागे उरतो. दुसऱ्या नळीत हिंगूळ होता तसाच लाल बसून राहतो. हा प्रयोग नववी-दहावीच्या मुलांना शिक्षकांनी दाखवावा. घरी कोणी करू नये. आणि शेंदूर लावलेले बोट लहान मुलाच्या तोंडात जाऊ देऊ नये, हे सांगायला प्रयोगाचीही गरज नाही.

सुरम्याचेही हेच. तक्त्यात तो अँटिमनीचा सल्फाइड, बाजारातल्या अनेक नमुन्यांत तो निघतो शिशाचा सल्फाइड. दोन्ही करडे-काळे, चमकदार, सहज फुटणारे. डोळ्यात घालायची वस्तू ही. सफेता कधी शिशाचा, कधी जस्ताचा. हरताळ आणि मनशीळ ही आर्सेनिकची सल्फाइडे त्यामानाने स्पष्ट, एक पिवळी, एक तांबडी. पोथीतली चूक झाकायला लेखक हरताळ फाशीत, म्हणून तो वाक्प्रचार आपल्या बोलण्यात टिकला. पण हरताळ उघड्यावर भाजली की सोमल तयार होतो, म्हणजे पांढरा आर्सेनिक. सौम्य पदार्थाचे जहाल पदार्थात रूपांतर होते आणि नाव मात्र हरताळ भस्मच राहते. भस्म नीट झाले की नाही हे अशा वेळी नावावरून कधीच कळणार नाही.

काही नावे तर ग्रंथकारांनाच नीट ठाऊक नव्हती. रसरत्नसमुच्चय या रसग्रंथात आठ महारस सांगितले आहेत: अभ्रक, वैक्रांत, माक्षिक, विमल, शिलाजतु, सस्यक, चपल, रसक. यांतला चपल म्हणजे बिस्मथ असावा, असे काहींचे मत, इतरांना ते मान्य नाही. वैक्रांत म्हणजे तुरमली की दुसरे काही, हा वाद अजून चालू आहे. उपरस या पुढच्या वर्गातल्या कंकुष्ठाबद्दल तर खुद्द ग्रंथातच मतभेद आहे. कोणी त्याला डोंगरात सापडणारा पदार्थ म्हणतो, कोणाच्या मते ती नुकत्याच जन्मलेल्या हत्तीच्या पिलाची विष्ठा. साधारण रस या वर्गात नवसागराशेजारी कवडी आणि कंपिल्लक या झाडाच्या फळांवरची लाल पूड बसलेली दिसते. म्हणजे हे वर्गीकरण घटकांवरून केलेलेच नव्हते. पाऱ्याच्या कामी कोण किती उपयोगी, हा त्याचा निकष होता, आणि त्या निकषावर ते सुसंगत आहे. आपण त्यावर आवर्तसारणी लादतो आणि मग ते विस्कळीत म्हणतो.

रसकाच्या बाबतीत मात्र ग्रंथ आश्चर्यकारक अचूक ठरला. रसरत्नसमुच्चयात रसकाला वांग्याच्या आकाराच्या मुशीत भरून, तोंड खाली करून तापवून, खालच्या पाण्यात कथलासारखे सत्त्व टपकवण्याची रीत दिली आहे. राजस्थानातल्या जावर इथे 1980 च्या दशकात उत्खनन झाले तेव्हा वांग्याच्याच घाटाच्या मातीच्या मुशी भट्टीत उभ्या मांडलेल्या मिळाल्या. जस्ताची वाफ वर जाऊ दिली तर ती हवेत जळून जाते, म्हणून ती खाली उतरवायची, हे तंत्र युरोपाला कळायच्या आधी आपल्याकडे कारखान्याच्या प्रमाणात चालत होते. ग्रंथातला रसक म्हणजे जस्ताचे खनिज, हे भाषाशास्त्राने नव्हे, फावड्याने सिद्ध केले.

विदर्भातलाच आणखी एक दाखला मला फार मोलाचा वाटतो, आणि तो कुठल्याही रसग्रंथात नाही. लोणार सरोवराच्या काठी उन्हाळ्यात पाणी हटले की खार गोळा करीत. अकबराच्या काळातल्या आईन-ए-अकबरीत लोणारला साबण आणि काच करण्याचा माल मिळतो अशी नोंद आहे. पुढे इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत तिथल्या खारांची स्थानिक नावे नोंदली गेली: दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. रसायनशास्त्र या सगळ्यांत मुख्यतः सोडियमचे कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि साधे मीठ शोधेल, फरक फक्त प्रमाणाचा आणि पोताचा. पण गोळा करणाऱ्याला, साबणवाल्याला आणि बांगडीवाल्याला तोच फरक पैशाचा होता. ही प्रत ओळखणारी नावे होती, कष्टकऱ्यांनी ठेवलेली. त्यांची आजची जोडी सोडियम कार्बोनेट अशी लावली, तर पाच नावांचे एक होते आणि त्यांतले ज्ञान वाया जाते.

नावांचा हा गुंता फक्त आपला नाही. युरोपातही गंधकाम्लाला व्हिट्रिऑलचे तेल, लेड ॲसिटेटला शिशाची साखर म्हणत. शिशाची साखर खरोखर गोड आणि खरोखर विषारी. पॅरिसमध्ये लाव्हाझिए, गीतों द मोर्व्हो, बर्थोले आणि फुर्क्रुआ यांनी 1787 साली नावांची नवी पद्धत मांडली: पदार्थाचे नाव त्याच्या घटकांवरून. तीच आज जगभर चालते.

मराठीत हे काम एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले बाळाजी प्रभाकर मोडक यांच्यासारख्यांनी रसायनशास्त्रावर मराठीत पुस्तके लिहिली. गंधकाम्ल, नत्राम्ल, कर्ब, प्राणवायू असे शब्द रुळले. रघुवीरांनी मात्र असलेल्या शब्दांवर समाधान मानले नाही. गंधकाला त्यांनी शुल्बारि हे जुने कोशातले नाव काढले, म्हणून सल्फ्युरिक आम्ल झाले शुल्बारिक अम्ल. सोडियम क्षारातु, पोटॅशियम दहातु, कॅल्शियम चूर्णातु. धातूला एकच प्रत्यय, आम्लाला एकच प्रत्यय, व्यवस्था काटेकोर होती आणि एका माणसाने केलेले ते प्रचंड काम होते. त्याची थट्टा करणाऱ्यांनी आधी ते कोश उघडून पाहावेत. तरी ते रुळले नाही, आणि माझ्या मते कारण उघड आहे: ज्यांनी ते शब्द वापरायचे होते त्या शिक्षकांच्या, सोनारांच्या, शेतकऱ्यांच्या तोंडी गंधक आधीपासून होता, शुल्बारि नव्हता. केंद्राच्या शब्दावली आयोगाने पुढे मूलद्रव्यांची आणि संयुगांची आंतरराष्ट्रीय नावेच ठेवण्याचे धोरण घेतले. आमच्या शाळेतही आता हायड्रोजन आणि सल्फ्युरिक आम्लच शिकवतात.

रघुवीरांच्याच नागपुरात, कृषी केंद्राच्या दुकानात, मराठीने घडवलेले तीन शब्द मात्र आजही रोज बोलले जातात: नत्र, स्फुरद, पालाश. यांतही एक मेख आहे, ती शेतकऱ्याला सांगितलीच पाहिजे. 10:26:26 च्या पोत्यावर स्फुरद 26 टक्के लिहिलेले असते ते मूलद्रव्य नव्हे, ऑक्साइडच्या रूपात मोजलेले. मूलद्रव्य फॉस्फरस त्यात 11 टक्क्यांच्या थोडा वर. पालाशही तसाच, मूलद्रव्य पोटॅशियम सुमारे साडेएकवीस टक्के. म्हणजे छापील आधुनिक पोत्यावरही जुन्या काळची मोजणी बसलेली आहे. माती परीक्षणाचा अहवाल मूलद्रव्यात आणि खताची शिफारस ऑक्साइडमध्ये असेल, तर हिशेब चुकायला तेवढे पुरते.

आता याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. 2004 साली बोस्टन परिसरातल्या दुकानांतून विकत घेतलेल्या 70 आयुर्वेदिक तयारींची तपासणी अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यांतल्या 14 तयारींत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. आपल्या औषध कायद्यातही आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची वेगळी यादी आहे आणि तीत पारद, हिंगूळ, हरताळ, मनशीळ, रसकापूर यांची नावे आहेत. यादी नावांची आहे. बाटलीत काय आहे हे नावावरून ठरत नाही, हे वर पाहिलेच. रसशास्त्राचा अभिमान असणाऱ्याने तर या तपासणीची मागणी सर्वांच्या आधी करायला हवी, कारण भेसळीचा आणि गोंधळाचा डाग त्याच्याच शास्त्रावर पडतो.

म्हणून मला नागपूरकडून एक ठोस अपेक्षा आहे. या एका शहरात 1942 सालची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था आहे, जी आता विद्यापीठ झाली आहे. इथे भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय आहे, शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, श्री आयुर्वेद महाविद्यालय आहे, ग्रेट नाग रोडवर बैद्यनाथचा कारखाना आहे, लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, आणि जुन्या नावांनी माल विकणारी इतवारी आहे. या सर्वांनी मिळून एक मराठी कोश करावा. त्यात प्रत्येक जुन्या नावापुढे एकच आधुनिक नाव लिहून थांबू नये. बाजारातून पाच-सहा ठिकाणचा नमुना आणावा, क्ष-किरणांनी आणि रासायनिक पृथक्करणाने तो तपासावा, काय निघाले ते टक्क्यांत लिहावे, कच्चा आणि शुद्ध केलेला यांच्या वेगळ्या नोंदी कराव्यात, आणि जिथे वाद आहे तिथे वाद आहे असेच लिहावे. लोणारच्या खारांसारखी बोलीतली नावे, ती जाणणारी माणसे आहेत तोवर, त्यांच्याकडून विचारून घ्यावीत. पारा, शिसे आणि सोमल यांच्या नोंदींपासून सुरुवात करावी, कारण तिथे उशीर परवडणारा नाही.